समतेचं पान: महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर काय लिहायचं आणि काय नाही

महाविद्यालयाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार म्हटलं की माझा फोन वाजायला लागतो. नाशिकमधल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी बरीच वर्षं आस्थापना शाखा सांभाळली आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. आता कॉलेज रोडपासून पिंपळगावपर्यंतची महाविद्यालयं ‘मॅडम, ते समतेचं पान तेवढं लावून द्या’ म्हणून बोलावतात; म्हणजे तक्रार समित्या, आरक्षण, शिष्यवृत्ती, दिव्यांगांच्या सोयी यांची माहिती देणारं संकेतस्थळावरचं पान. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

पान समितीसाठी लिहायचं नाही, हे पहिलं. सुरगाण्याहून आलेली, वसतिगृहात राहणारी पहिल्या वर्षाची मुलगी रात्री साध्या मोबाइलवर ते पान उघडते आहे, असं धरून चाला. तिला तक्रार करायची आहे, किंवा शिष्यवृत्ती अडकली आहे, किंवा नुसतं कुणाशी तरी बोलायचं आहे. तिला दोन मिनिटांत नाव, खोली आणि फोन नंबर सापडला तर पान बरोबर आहे. समितीचे लोकही शेवटी तेच बघतात, फक्त त्यांच्या हातात तक्ता असतो.

कोणता कायदा काय मागतो

ब्रिटनमधल्या विद्यापीठांना एक सोय आहे. तिथे २०१०चा समानता कायदा आहे. त्याच्या कलम १४९नुसार सार्वजनिक संस्थेला आपल्या प्रत्येक कामात समतेचा विचार करावा लागतो. त्याखालच्या नियमांनी इंग्लंडमधल्या विद्यापीठांना दर वर्षी त्याची माहिती प्रसिद्ध करायला आणि किमान चार वर्षांतून एकदा उद्दिष्टं जाहीर करायला लावलं आहे. एकच कायदा, एकच अहवाल. आपल्याकडे हे कर्तव्य पाच-सहा कायद्यांत आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांत विखुरलेलं आहे. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाला वाटतं की आपण सगळं केलं, आणि प्रत्येकाचं काहीतरी राहिलेलं असतं.

सुरुवात माहितीच्या अधिकारापासून करा. २००५च्या अधिनियमाचं कलम ४ म्हणजे ती सुप्रसिद्ध १७ मुद्द्यांची माहिती. ‘आम्ही खासगी संस्था, आम्हाला ते लागू नाही’ हे संस्थाचालकांचं आवडतं वाक्य आहे. सरकारकडून भरीव निधी घेणारी महाविद्यालयं सार्वजनिक प्राधिकरण ठरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या निकालात स्पष्ट केलं आहे. पगार शासनाचा असेल तर हा वाद घालण्यात वेळ दवडू नका. या १७ मुद्द्यांत समित्यांची रचना येते, अनुदानाच्या योजना कशा राबवता ते येतं, माहिती अधिकाऱ्याचं नावही येतं. म्हणजे समतेच्या पानाचा अर्धा मजकूर तिथेच तयार असतो. त्याच कलमात स्थानिक भाषेचा विचार करायला सांगितलं आहे, आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. नाशिकमधल्या महाविद्यालयाचं हे पान फक्त इंग्रजीत असेल तर ते अर्धंच झालं, असं मी सरळ सांगते.

मग अनुदान आयोग. उच्च शिक्षण संस्थांमध्ये समता वाढवण्याचे विनियम २०१२चे आहेत. त्यांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं आहे. हा अधिकारी महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापकाच्या खालच्या दर्जाचा चालत नाही. जातिभेदाच्या आरोपांनंतर आत्महत्या केलेले हैदराबादचे विद्यार्थी रोहित वेमुला आणि मुंबईच्या डॉ. पायल तडवी यांच्या आईंनी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिका याच विनियमांच्या अंमलबजावणीसाठी आहे. डॉ. पायल शिकत होत्या मुंबईत, पण त्यांचं महाविद्यालय संलग्न होतं ते इथल्या, म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी. तेव्हा हा विषय हैदराबाद-मुंबईचा आहे असं नाशिककरांनी म्हणू नये. जानेवारी २०२६मध्ये आयोगाने नवे विनियम आणले, त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि २०१२चे चालू ठेवले. पान भरायला घ्याल त्या दिवशी ताजा आदेश एकदा बघा, आणि कोणत्या विनियमांखाली अधिकारी नेमला ते पानावर लिहा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. समाजकल्याण विभागाच्या सूचनेवरून महाविद्यालयांत ‘समान संधी केंद्र’ सुरू झालं, ते मुख्यतः शिष्यवृत्ती आणि मार्गदर्शनासाठी. त्याचा फलक दाखवून ‘आमचा कक्ष आहे की’ असं सांगतात. शिष्यवृत्तीचे अर्ज बघणाऱ्या सरांकडे जातिवाचक शेरेबाजीची तक्रार घेऊन जायचं का? दोन्ही कामं एकाच व्यक्तीला द्यायची असतील तर द्या, पण आदेश दोन काढा आणि पानावर दोन्ही वेगळी दाखवा.

विद्यार्थी तक्रार निवारणाचे विनियम २०२३चे. समितीचा अध्यक्ष किंवा किमान एक सदस्य महिला हवी, तसंच एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातला हवा. समितीच्या निर्णयावर दाद मागायला वर लोकपाल असतो, तो विद्यापीठाचा. त्याचं नाव आणि ईमेल महाविद्यालयाच्या पानावरही टाका, कारण विद्यार्थी विद्यापीठाचं संकेतस्थळ उघडून शोधत बसत नाही.

अंतर्गत तक्रार समिती

लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी ही समिती. हिला अजून निम्मे लोक विशाखा समितीच म्हणतात. २०१३चा कायदा आणि अनुदान आयोगाचे २०१५चे विनियम (ते राजपत्रात मे २०१६मध्ये आले) असे दोन्ही तिला लागू आहेत. सगळ्यात जास्त चुका याच समितीच्या यादीत सापडतात, म्हणून इथे जरा थांबते.

अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक हवी. निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. बाहेरची एक सदस्य हवी, महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली. ‘संस्थेच्या संचालकांच्या सौ.’ ही बाहेरची सदस्य होत नाही, हे मला एकदा तोंडावर सांगावं लागलं आणि त्या महाविद्यालयाने मला पुन्हा बोलावलं नाही. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी लागतात, तेही निवडून आलेले. आणि कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशी वरिष्ठ प्रशासकीय पदं सांभाळणारी माणसं समितीत नकोत, असं विनियमांत स्वच्छ लिहिलं आहे. तरी मी पाहिलेल्या कित्येक याद्यांत पहिलं नाव प्राचार्यांचं! प्राचार्यांचं नाव पहिलं टाकायची हाताला सवयच लागलेली असते. या एका यादीपुरती ती मोडा.

मे २०२३मध्ये ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समितीची रचना, ईमेल, फोन, ऑनलाइन तक्रारीची पद्धत आणि नियम हे सगळं संकेतस्थळावर सहज मिळालं पाहिजे असं सांगितलं. त्यामुळे ‘समिती आहे, फाइल कार्यालयात आहे’ हे उत्तर आता चालत नाही. प्रत्येक नावापुढे फोन टाका. मॅडमना स्वतःचा नंबर द्यायचा नसेल तर महाविद्यालयाने एक सिमकार्ड घेऊन समितीला द्यावं, महिन्याचा खर्च तो काय. ईमेल वैयक्तिक नको, पदाचा करा, म्हणजे अध्यक्ष बदलल्या तरी पत्ता तोच राहतो. समितीची मुदत तीन वर्षांची असते, म्हणून नेमणुकीची तारीखही लिहा. पानाच्या माथ्यावर काळाराम मंदिर सत्याग्रहाचं चित्र आणि खाली मुदत संपलेली समिती, असं नाशिकमध्ये मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे. १९३०चा सत्याग्रह आपल्या गावातला म्हणून चित्र जरूर लावा, पण आधी यादी नीट करा.

वार्षिक अहवालात काय द्यायचं ते नियमांतच दिलं आहे: किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती ९० दिवसांपेक्षा जास्त रेंगाळल्या, किती कार्यशाळा घेतल्या, काय कारवाई झाली. अहवाल कॅलेंडर वर्षाचा असतो आणि आपला हिशेब जूनपासून चालतो, म्हणून वर कालावधी लिहायला विसरू नका. दुसरीकडे त्याच कायद्याचं कलम १६ तक्रारदार, प्रतिवादी, साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचा तपशील प्रसिद्ध करायला मनाई करतं. छोट्या महाविद्यालयात ‘रसायनशास्त्र विभाग, एक तक्रार, एक वेतनवाढ रोखली’ एवढं लिहिलं तरी दुपारच्या चहाला सगळ्यांना नाव कळलेलं असतं. विभाग लिहू नका. कारवाईही ‘नियमानुसार’ एवढीच ठेवा.

तक्रार शून्य असेल तर शून्य लिहा. पण शून्याच्या शेजारी शाबासकी नको. ‘आमच्या संस्थेत निकोप वातावरण असल्याने’ हे शब्द सरळ खोडते मी. तक्रार आली नाही एवढंच आपल्याला माहीत असतं, का आली नाही ते माहीत नसतं. एका प्राचार्यांनी उलटं विचारलं होतं, ‘ताई, तीन तक्रारी छापल्या तर पुढच्या वर्षी पालक मुली पाठवतील का?’ मी म्हटलं, सर, तिन्ही निकाली निघाल्या हेही शेजारी छापा, पालक तेही वाचतात.

आकडे कुठून आणायचे

नवीन काही गोळा करायला लागत नाही. उच्च शिक्षण सर्वेक्षणासाठी दर वर्षी प्रवर्ग, लिंग आणि दिव्यांगत्व यांनुसार विद्यार्थी-शिक्षकांचे आकडे भरता ना, तोच तक्ता घ्या. नॅकच्या वार्षिक अहवालात भरलेले आकडे त्याच्याशी जुळतात का ते आधी ताडून बघा. जुळत नाहीत, असा माझा अनुभव. एकात सप्टेंबरअखेरचा पट धरलेला असतो, दुसऱ्यात परीक्षेला बसलेल्यांचा. कोणती तारीख धरली ते तक्त्याखाली एका ओळीत लिहिलं की प्रश्न मिटला.

प्रवेशाचे आकडे सगळेच छापतात. मी आग्रहाने आणखी एक रकाना घालायला लावते: पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षापर्यंत किती पोचले, प्रवर्गानुसार. नाशिक जिल्ह्यात हा रकाना खरं बोलतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण या भागांतून कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल घरांतली मुलं येतात. भाताच्या आवणीला ती गावी जातात. घरचे द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांत मजुरीला गेले की धाकट्या भावंडांकडे कोण बघणार? मग हजेरी भरत नाही, फॉर्म राहतो, आणि दुसऱ्या वर्षी पटावरून नाव जातं. आकडा वाईट दिसतो म्हणून लपवू नका. त्याच्याखाली तुम्ही काय करता ते लिहा: हजेरीची सवलत कुणी द्यायची, राहिलेला फॉर्म कधीपर्यंत घेता, वसतिगृहात जागा नसेल तर कुठे पाठवता. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आहे. ज्यांना शासकीय वसतिगृह मिळालं नाही त्यांच्यासाठीच त्या आहेत. पहिलीसाठी गडकरी चौकातलं आदिवासी विकास भवन, दुसरीसाठी नासर्डी पुलाजवळचं सामाजिक न्याय भवन. हे दोन पत्ते पानावर असले की मुलांचे सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) रिक्षाचे फुकटचे हेलपाटे वाचतात. मुलींच्या शुल्कमाफीचंही लिहा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क जुलै २०२४च्या शासन निर्णयाने माफ आहे. तरीही प्रवेशाच्या खिडकीशी ‘आधी भरा, मग परत मिळेल’ ऐकलेल्या मुली मला भेटतात.

नोकरीतल्या आरक्षणाचा तक्ता वेगळा. राज्याच्या २००१च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती १३, जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती ब, क, ड अनुक्रमे २.५, ३.५ आणि २, विशेष मागास २, इतर मागास १९ टक्के. शिवाय आर्थिक दुर्बल १० आणि २०२४पासून सामाजिक-शैक्षणिक मागास १०. मंजूर पदं, भरलेली, रिक्त आणि अनुशेष (राखीव असून न भरलेली पदं) एवढे चार रकाने पुरतात. बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं ते दाखवणारी नोंदवही, नाशिक रोडच्या विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून कधी तपासून घेतली, ती तारीख खाली द्या. अनुशेष असेल तर शासनाने पदभरती थांबवली होती म्हणून, की जाहिरात काढूनही उमेदवार आला नाही म्हणून, हे एका वाक्यात लिहा. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थांना आरक्षणातून सूट असते. पण मग तसं लिहा, पान कोरं ठेवू नका.

जे अजिबात टाकायचं नाही

शिष्यवृत्तीच्या याद्या. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. मुलाचं पूर्ण नाव, जात, आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल, सगळं एका पीडीएफमध्ये, आणि ती गूगलवर पहिल्याच पानावर सापडते. कारकुनाला विचारलं तर म्हणतो, ‘मॅडम, पारदर्शकता.’ पारदर्शकता संस्थेच्या कारभाराची असते, मुलाच्या जातीची नव्हे. यादी लावायचीच असेल तर अर्ज क्रमांक आणि ‘मंजूर / त्रुटी’ एवढंच द्या. जुन्या याद्याही काढा. नुसती लिंक काढून भागत नाही, फाइल सर्व्हरवरून पुसायला सांगा, आणि नंतर स्वतः गूगलवर शोधून खात्री करा.

तक्त्यात एखाद्या चौकटीत एक-दोनच विद्यार्थी येत असतील, उदाहरणार्थ एकच तृतीयपंथी विद्यार्थी, तर तिथे आकडा न देता ‘५पेक्षा कमी’ लिहा. बेरजेवरून वजाबाकी करून तो आकडा निघत नाही ना, तेही बघा. तृतीयपंथी व्यक्तींच्या २०१९च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायचा आहे. त्याचं नाव मात्र ठळक द्यायचं.

दिव्यांगांसाठी, आणि फाइल कशी बनवायची

२०१६च्या कायद्यानुसार शासकीय आणि अनुदानित संस्थेत प्रवेशाच्या किमान ५ टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सवलत. शिवाय प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण प्रसिद्ध करायचं आहे. दुसऱ्या महाविद्यालयाचं धोरण उचलून नाव बदललेलं मला लगेच कळतं. त्यात लिफ्टचा उल्लेख असतो आणि इमारतीत लिफ्ट नसते. त्यापेक्षा खरं लिहा: मुख्य इमारतीला रॅम्प आहे, ग्रंथालयाला तीन पायऱ्या आहेत पण पुस्तकं खाली आणून दिली जातात, अमुक मजल्यावर वापरता येण्याजोगं स्वच्छतागृह आहे, लेखनिकासाठी अर्ज अमुक दिवस आधी. रॅम्पचा उतार एकास बारा असला पाहिजे. त्याहून खडा असेल तर तो रॅम्प म्हणून मोजू नका, चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा त्यावरून एकटा चढू शकत नाही.

आणि हे पान अंध मुलाला वाचता तरी येतं का? आपली परिपत्रकं सही-शिक्का मारून स्कॅन होतात. ते चित्र असतं, स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्यातलं काहीच वाचत नाही. श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये, टाइप केलेला मजकूर तसाच संकेतस्थळावर चिकटवला तर स्क्रीन रीडर भलतीच अक्षरं बोलतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि शक्यतो पीडीएफ न करता थेट पानावरच ठेवा. सहीची प्रत हवीच असेल तर ती शेजारी जोडा. तपासायला तज्ज्ञ लागत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक (फोनमधलाच स्क्रीन रीडर) चालू करा, डोळे मिटा आणि तक्रार समितीचा नंबर शोधून दाखवा. आमच्या शाखेतल्या मुलाने हे करून पाहिलं तेव्हा फोन बराच वेळ ‘इमेज, इमेज’ एवढंच म्हणत राहिला. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष सक्तीचे हवेत, नुसते शिफारशीचे नकोत, असं म्हटलं आहे, तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायला फार जागा राहिलेली नाही.

गोवर्धनच्या मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणी तर याला दुप्पट महत्त्व. तिथला विद्यार्थी गडचिरोलीतही असतो, सिंधुदुर्गातही. फलकावर लावलेली नोटीस त्याला कधीच दिसत नाही, त्याच्यासाठी संकेतस्थळ हेच कार्यालय आहे. अभ्यासकेंद्रावर भेदभाव झाला तर तक्रार केंद्राकडे करायची, विभागीय केंद्राकडे की मुख्यालयाकडे, हे सगळ्यात वर असलं पाहिजे.

लावल्यानंतर

प्रवेश सुरू व्हायच्या किमान ६० दिवस आधी माहितीपुस्तिका प्रसिद्ध करावी लागते, ते तक्रार निवारणाच्या २०२३च्याच विनियमांत आहे. समतेचं पानही त्याच आठवड्यात ताजं करा, म्हणजे वेगळी आठवण ठेवायला नको. पानाखाली ‘शेवटची सुधारणा’ म्हणून तारीख आणि जबाबदार व्यक्तीचं पदनाम असू द्या. मागच्या वर्षांचे तक्ते काढू नका, खाली वर्षवार ठेवा. पाच वर्षं शेजारी दिसली की एखाद्या वर्षी आकडे फुगवायचा मोह कमी होतो.

मग पानावरचा प्रत्येक नंबर कार्यालयाच्या नव्हे, बाहेरच्या फोनवरून लावून बघा. रॅगिंगची १८००-१८०-५५२२ ही मदतवाहिनी देशभराची आहे, तो नंबर लागतो. अडकतात ते आपलेच नंबर. कुणी उचलला नाही तर त्या व्यक्तीचं नाव काढा आणि उचलणाऱ्याचं टाका, आदेशासकट.

संकेतस्थळ बाहेरची एजन्सी सांभाळत असेल तर करारात एक अट घाला: समतेच्या पानावरचा बदल दोन दिवसांत झालाच पाहिजे, त्याचे वेगळे पैसे मिळणार नाहीत, आणि पासवर्ड महाविद्यालयाकडेही राहील. करार संपला, बिलावरून वाद झाला, आणि तीन वर्षं पान तसंच गोठून राहिलं, असं एक महाविद्यालय मी पाहिलं आहे. त्यातल्या समितीच्या अध्यक्षा निवृत्त होऊन पुण्याला लेकाकडे राहायला गेल्या होत्या, आणि त्यांना अजून फोन जात होते.